पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : चरित्र व जीर्णोद्धाराचे कार्य

हिंदुस्थानात कोठेही देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की अहिल्याबाईंचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. काशीयात्रा करून आलेला असो, गयेस पिंडदान करून आलेला असो किंवा जेजुरीस भंडारा उधळून आलेला असो, त्याने ह्या बाईंच्या पैशाने बांधलेली एखादी तरी पायरी तुडविलेली असते. घरोघरी त्यांची तसबीर असते. पांढरे लुगडे, डोक्यावर पदर, हाती शिवलिंग. परंतु गावोगावची पडकी देवळे उभी करणाऱ्या ह्या बाईंच्या स्वतःच्या घरात एकामागून एक काय काय कोसळले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. देवळांची यादी सर्वांना माहीत असते आणि घरची हकीकत राहून जाते. म्हणून येथे दोन्ही सांगावयाचे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी ह्या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली त्यांच्याच नावावरून अहिल्यानगर झाले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घराणे धनगराचे, खाऊनपिऊन सुखी, पण सरदार-दरकदारांपैकी नव्हे. त्या काळी मुलीच्या जातीला अक्षर शिकविण्याची चाल नव्हती, तरी माणकोजींनी मुलीला वाचावयास शिकविले असे सांगतात. ह्या शिदोरीचा पुढे किती उपयोग झाला हे ओघाने येईलच.

सासरे मल्हारराव होळकर ह्यांची कथा स्वतंत्र लिहावी अशी आहे. नीराकाठच्या होळ गावचा हा मुलगा. बाप लहानपणीच वारला, तेव्हा आई त्याला घेऊन खानदेशात तळोद्यास भावाकडे राहिली. तेथे मल्हारराव मेंढरे राखीत असत. त्या मेंढपाळाच्या पोराने तलवार धरली, थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या हाताखाली नाव काढले आणि माळव्याची सुभेदारी मिळविली. चौंडीच्या देवळात लहानग्या अहिल्येस पाहून त्यांनी तिला सून म्हणून निवडले अशी कथा आहे. लग्न १७३३ च्या सुमारास झाले. नवरी आठ वर्षांची होती. नवरदेव खंडेराव, मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा.

सासू गौतमाबाई ह्या कडक, पण मनाच्या मोठ्या होत्या. त्यांच्या हाताखाली सून घरकारभार, देणेघेणे, पाहुणेरावळे, कोठीचा हिशेब हे सर्व शिकली. १७४५ साली मालेराव हा मुलगा झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी मुक्ताबाई ही मुलगी. येथवरचे आयुष्य कोणत्याही मोठ्या घरच्या लेकीसुनेसारखे गेले.

१७५४ च्या मार्च महिन्यात मराठ्यांच्या फौजा भरतपूरजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा देऊन बसल्या होत्या. किल्ला सूरजमल जाटाचा. छावणीत अहिल्याबाई होत्या, मल्हारराव होते. किल्ल्यावरून सुटलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव जागच्या जागी ठार झाले. अहिल्याबाईंना अठ्ठाविसावे वर्ष पुरे झालेले होते, एकोणतिसावे चालू होते. मालेराव नऊ वर्षांचा, मुक्ता त्याहून धाकटी.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. येथे मल्हारराव आडवे आले. एकसष्ट वर्षांचा तो रणझुंजार म्हातारा सुनेपुढे अक्षरशः रडला. खंडू गेला, आता तूही गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहून जगू, असा त्याच्या विनवणीचा आशय होता. अहिल्याबाई थांबल्या. लोक काय म्हणतील ह्याचा विचार न करता त्या थांबल्या, हे आज वाचताना सोपे वाटते. त्या दिवशी चिता पेटलेली असताना सोपे नव्हते. सती गेली असती तर त्यांच्या नावाचा एक दगड कुंभेरीस उभा राहिला असता, आणि काशीचे देऊळ कोणी बांधले असते हे सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मल्हाररावांनी सुनेला मुलाच्या जागी मानले. स्वतः तर वर्षानुवर्षे मोहिमेवर. वसुली, फौजेचा पगार, दाणावैरण, तोफखाना, दारूगोळा, रस्त्यावरच्या चौक्या ह्यांची जबाबदारी हळूहळू सुनेकडे आली. १७६५ सालचे मल्हाररावांचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात चंबळ उतरून ग्वाल्हेरीकडे तोफखाना कसा न्यावा, मुक्काम किती दिवस करावा, दारूगोळ्याची बेगमी कशी ठेवावी, वाटेत बंदोबस्त कसा करावा, असे बारीकसारीक हुकूम आहेत. हे पत्र कोणा सरदाराला नाही, विधवा सुनेला आहे. अशी पत्रे ज्या बाईला येत असतील तिचे दिवस केवळ जपमाळ ओढण्यात जात नव्हते, हे उघड आहे.

मधल्या काळात १७६१ चे पानिपत झाले. त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाई वारल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावही गेले. तेथे त्यांची छत्री अहिल्याबाईंनी बांधविली.

गादीवर मालेराव बसला. ह्या मुलाविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. स्वभाव उच्छृंखल, आणि पुढे पुढे डोक्यावर परिणाम झाला. आई उशाशी बसून देवाची करुणा भाकीत राहिली, पण उपयोग झाला नाही. गादीवर येऊन वर्षही पुरे झाले नाही तोच १७६७ साली तो वारला. न्यायाकरिता अहिल्याबाईंनी पोटच्या पोराला हत्तीच्या पायी दिले, ही गोष्ट कीर्तनातून व नाटकांतून पुष्कळ ऐकू येते. ऐकावयास ती परिणामकारक असली तरी तिला आधार नाही. मुलाच्या मरणास आईचा हात लागला ही कंडी त्या काळीच कोणी उठविली होती. पुढे इंग्रज अधिकारी जॉन मालकम ह्याने माळव्यात चौकशी करून ती खोटी ठरविली. वेड्या मुलाच्या अंथरुणाशी रात्रंदिवस बसणाऱ्या आईची खरी गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा कमी थोर नाही.

नवरा, सासू, सासरे, मुलगा. तेरा वर्षांत चौघे गेले. आता घरात पुरुष माणूस उरला नाही, असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी डाव टाकला. कोणी लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंनी देवधर्म करीत बसावे आणि कारभार आपल्या हाती राहावा, असा त्यांचा बेत होता. बाई ऐकत नाहीत असे दिसताच त्यांनी राघोबादादा पेशव्यांना फौजेसह बोलाविले. राघोबादादा उज्जैनीपर्यंत, क्षिप्रेच्या काठापर्यंत आले.

अहिल्याबाईंनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे पत्रे धाडून न्याय मागितला, आणि इकडे लढाईची तयारी केली. शिंदे, भोसले ह्या सरदारांना निरोप गेले. आपल्या हत्तीच्या हौद्यास चारी कोपऱ्यांवर धनुष्ये व बाणांचे भाते बांधविले. राघोबादादांना निरोप गेला की तुम्ही जिंकलात तर बाईवर जय मिळविला एवढेच होईल आणि हरलात तर बाईकडून हरलात असे जग म्हणेल, तेव्हा विचार करून पाऊल टाकावे. महादजी शिंदे व जानोजी भोसले ह्यांनी राघोबादादांना साथ देण्याचे नाकारले. माधवरावांचाही कौल बाईंच्या बाजूने आला. तेव्हा राघोबादादांनी आपण केवळ मुलाच्या दुखवट्यासाठी आलो होतो असे सांगून वेळ मारून नेली. दुखवट्याला कोणी तोफा घेऊन येत नाही. पण अहिल्याबाईंनी तो शब्द तसाच मानून घेतला व पाहुणचार केला. जिंकल्यावर समोरच्याला माघारीची वाट मोकळी ठेवावी, हे त्या जाणून होत्या.

फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपविले. तुकोजी वयाने मोठे, पण बाईंना मातोश्री म्हणत. राज्यकारभार व खजिना बाईंनी स्वतःकडे ठेवला आणि नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राजधानी केली. तेथून त्यांनी अठ्ठावीस वर्षे राज्य केले.

त्यांचा दिनक्रम मालकमने नोंदवून ठेवला आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. साधे शाकाहारी भोजन, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास कचेरीत येऊन बसत त्या दिवेलागणीपर्यंत उठत नसत. मग पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्र. पडदा नव्हता. रयतेपैकी कोणासही समोर येऊन गाऱ्हाणे सांगता येई. अंगावर पांढरे वस्त्र आणि गळ्यात एक लहानशी माळ, याखेरीज दागिना नाही.

कारभाराची एक गोष्ट कचेऱ्यांतल्या मंडळींनी ध्यानात घेण्याजोगी आहे. बाई माणसे वारंवार बदलीत नसत. गोविंदपंत गानू हे जवळजवळ सर्व कारकीर्दभर त्यांचे कारभारी होते, आणि इंदूरचा कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होता. सारा हलका, अधिकारी ओळखीचा, म्हणून रयत स्थिर. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याचा किंवा दत्तकासाठी जबर नजराणा उकळण्याचा प्रघात तेव्हा सर्वत्र होता. अहिल्याबाईंनी तो आपल्या राज्यात चालू दिला नाही. इंदूर येथील एका सावकाराच्या विधवेकडून तुकोजींनी पैसा काढण्याचा प्रयत्न केला, ती बाई महेश्वरास आली, आणि अहिल्याबाईंनी तिच्या बाजूने निकाल देऊन तुकोजींना ते गाव सोडावयास लावले. खरगोणच्या दोन विधवांनी आपली संपत्ती बाईंना देऊ केली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही, लोकांच्या उपयोगी पडेल अशा कामी लावण्यास सांगितले. विधवेचे दुःख कागदावर वाचून कळत नाही. ह्या न्यायाधीशाला ते अंगावरून गेलेले होते.

डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटीत. बाईंनी प्रथम जरब बसविली. मग त्यांच्याशी बोलणे करून, मालाच्या ओझ्यामागे ठरावीक किरकोळ कर घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. त्यास भिलकवडी म्हणत. बदल्यात त्या वाटेवर चोरी झाली तर भरपाई भिल्लांनी करावयाची. लुटारू होते तेच राखणदार झाले. ह्याच कामाशी मुक्ताबाईच्या लग्नाची कथा जोडलेली आहे. जो कोणी पुंडांचा बंदोबस्त करील त्यास मुलगी देईन असे बाईंनी दरबारात जाहीर केले, आणि यशवंतराव फणसे ह्या तरुणाने ते काम करून दाखविले, असे सांगतात. जात-धन न पाहता कर्तबगारी पाहून त्यास जावई केले.

महेश्वरात त्यांनी बाहेरून विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगडी अजून विणली जातात. इंदूर हे त्यांच्या आधी लहानसे गाव होते, ते त्यांच्या कारकीर्दीत पेठांचे शहर झाले.

आता देवळे. ह्या कामाचा खर्च कोठून झाला हे आधी सांगणे जरूर आहे, कारण वर्गणी देणाऱ्यांना व हिशेब ठेवणाऱ्यांना तेच महत्त्वाचे. होळकरांच्या दौलतीत दोन खाती अलग होती. एक दौलतीचे म्हणजे सरकारी, दुसरे खासगी. गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी १७३४ साली खासगीचा मुलूख लावून दिला होता, तो वारसाने अहिल्याबाईंकडे आला. धर्मादायाचा खर्च ह्या खासगीतून होई. फौजेच्या पैशास त्यांनी देवासाठी हात लावला नाही, आणि देवाच्या पैशाची मागणी तुकोजींनी मोहिमांसाठी वारंवार केली तरी ती सहजी पुरविली नाही. त्यावरून दोघांत खटकेही उडत.

काशीचे विश्वेश्वराचे देऊळ १६६९ साली औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले होते. ते पुन्हा व्हावे ही मल्हाररावांची इच्छा तशीच राहून गेली होती. अहिल्याबाईंनी जुन्या जागेशेजारी नवे देऊळ बांधविले, ते १७८० साली पुरे झाले. आज आपण ज्याचे दर्शन घेतो ते हेच. शिखरावरचे सोने पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिले. सोमनाथास १७८३ साली त्यांनी पडक्या देवळाजवळ नवे देऊळ बांधले. तेथे खाली तळघरवजा गाभाऱ्यात देवाची स्थापना केली आहे. पुन्हा घाला पडला तर मूर्ती सुरक्षित राहावी ही त्यातील दूरदृष्टी. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ सालचे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, जेजुरीचा तलाव, पंढरपूरचा होळकर वाडा, चांदवडचा रंगमहाल, काशीचा अहिल्याघाट, ही नावे आपल्या लोकांच्या परिचयाची आहेत. बदरीनारायणापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत कोठे धर्मशाळा, कोठे विहीर, कोठे अन्नछत्र. दक्षिणेतील देवस्थानांना अभिषेकासाठी गंगाजलाच्या कावडी त्यांच्या खर्चाने जात. ह्यांपैकी बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्यात नव्हती. निजामाच्या मुलखात होती, अयोध्येच्या नबाबाच्या, इंग्रजांच्या होती. तेथे हुकूम चालत नव्हता. जागा मिळवावी लागे, परवानगी मागावी लागे, कारागीर धाडावे लागत आणि शेकडो कोसांवरून हिशेब पाहावा लागे.

देणगीदारांनी आणखी एक गोष्ट पाहावी. देऊळ बांधून बाई मोकळ्या झाल्या नाहीत. पूजा, नैवेद्य, नंदादीप, झाडलोट ह्यांसाठी जमिनी व नेमणुका लावून दिल्या. वास्तुशांतीच्या दिवशी गर्दी कोठेही होते. दहा वर्षांनी संध्याकाळचा दिवा कोण लावतो, तेल कोठून येते, हा विचार त्यांनी पाया घालतानाच केलेला असे.

हे सर्व चालू असता घरी सुख होते काय? मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव आणि नातू नथ्याबा हा एवढाच गोतावळा उरला होता. नथ्याबावर आजीचा फार जीव. तो ऐन तारुण्यात वारला. त्याच्या पाठोपाठ १७९१ साली जावई गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले.

सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरीस जो प्रसंग झाला होता तोच पुन्हा उभा राहिला, पण या खेपेस अहिल्याबाई मल्हाररावांच्या जागी होत्या. त्यांनी मुलीचे पाय धरले, आई म्हणून विनविले, मालकीण म्हणून सांगून पाहिले. मुलीने शांतपणे उत्तर दिले की तुझे आता वय झाले, तू थोड्या वर्षांची सोबतीण, नवरा गेला, मुलगा गेला, तू गेल्यावर मी कोणासाठी जगू. ह्या बोलण्याला आईजवळ उत्तर नव्हते. सासऱ्याने सुनेला वाचविले होते, आईला लेक वाचविता आली नाही. साऱ्या माळव्यावर जिचा शब्द चाले तिचा शब्द येथे चालला नाही. रूढीचे बळ एवढे होते. बंगाल इलाख्यात ही चाल कायद्याने बंद झाली ती १८२९ साली, म्हणजे त्यानंतर अडतीस वर्षांनी.

अहिल्याबाई प्रेतयात्रेबरोबर पायी नर्मदेवर गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्यांनी किंकाळी फोडली आणि सुटण्याची धडपड करीत स्वतःच्या हातांस चावे घेतले. नंतर सावरून नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात परतल्या. तीन दिवस त्या कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत व अन्न जवळजवळ घेतलेच नाही. मग उठल्या. मुलीजावयांच्या स्मरणार्थ सुंदर वास्तू बांधण्याचे काम लावून दिले आणि दुपारी कचेरीत येऊन बसू लागल्या. अहिल्याबाईंना दुःख होत नसे, त्या वैराग्याच्या मूर्ती होत्या, असे काही चरित्रांत लिहिलेले असते. नर्मदेच्या काठचे ते चावे घेतलेले हात पाहता हे म्हणणे पटत नाही.

त्या वेळी त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुढची चार वर्षेही स्वस्थतेची गेली नाहीत. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांनी आधीच मोडले होते, आता होळकर-शिंद्यांतच बिनसले. १७९३ साली लाखेरी येथे तुकोजींच्या फौजेचा शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे मोड झाला. म्हाताऱ्या बाईंना फौजेची पुन्हा उभारणी, पैशाची तजवीज आणि तुकोजींच्या मुलांचे तंटे ह्या सर्वांत लक्ष घालावे लागले. कोणी एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीने भरलेला ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडविला. त्या ब्राह्मणाकडे त्यांनी पुन्हा लक्ष दिले नाही.

शके १७१७, श्रावण वद्य चतुर्दशी, दिनांक १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला. वय सत्तर. दोन वर्षांनी तुकोजी वारले आणि होळकरांच्या घरात भाऊबंदकीचे लोण पेटले. महेश्वरच्या घाटावर नर्मदेचे पाणी आजही त्याच पायऱ्यांना लागते. दरवर्षी ३१ मे रोजी चौंडीस लोक जमतात, आणि पुण्यतिथीस इंदुरात त्यांची पालखी निघते.